पोरांचे पाय आधी तपासा, मग पळवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दरवर्षी अग्निवीर भरतीच्या बातम्या येतात. ॲडमिट कार्ड कधी निघणार, मैदान कुठं, रात्रभर पोरं रस्त्याच्या कडेला कशी झोपली, पहाटे कशी पळाली, सगळं फोटोसकट. चांगलंच आहे. पण ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, निघाल्यावर मेडिकलला पोरं कशासाठी बाहेर पडतात याच्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांब होईल पण शक्यतो कापू नका अशी विनंती आहे, कारण ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना आजवर अर्धवट माहितीच नडली आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावातल्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे. शाळा भरायच्या आधी, अंधार असतानाच आजूबाजूच्या गावातले पोट्टे रोडवर पळायला येतात, त्यांच्याकडं मी बघतो. बहुतेकांच्या घरी कोरडवाहू जमीन, कपाशी नाहीतर सोयाबीन-तूर, बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि पोराला वाटतं की एकदा अंगावर वर्दी आली की घर सावरलं. नोकरी चार वर्षांची आहे, त्यातून 25 टक्क्यांनाच पुढं कायम करणार, हे सगळं त्याला पाठ असतं तरी तो पळतो. पहिली परीक्षा ऑनलाइन, ती पास झाली की मग ग्राउंड. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर 60 मार्क, बीम, म्हणजे दांडीला लटकून हनुवटी वर न्यायची, ते दहा मारले तर 40, वर नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. हे ज्यांनी केलं त्यांनाच माहीत की साडेपाच मिनिटात यायला दोन-दोन वर्षं लागतात, पावसाळ्यात निंदण-डवरण करून, उन्हाळ्यात 45 डिग्रीत, दिवाळीत कापूस वेचून. एवढं करून पोरगा मेडिकलच्या लायनीत उभा राहतो आणि डॉक्टर त्याच्या पायाकडं बघून कागदावर इंग्रजीत दोन शब्द लिहितात, फ्लॅट फूट.

आमच्याकडचा एक पोरगा असाच परत आला. एक्सलंटमधे पळाला होता, बीम पूर्ण, कागदपत्रं पण चोख, आणि मेडिकलला अनफिट. हातात एक चिठ्ठी दिली होती ती त्यानं चार घड्या घालून खिशात ठेवली आणि मिळेल त्या एसटीनं घरी आला. कोणाशी बोलेना. मी घरी गेलो तर म्हणे, "सर, माह्या पायात खोट हाय म्हणते जी, आता काय करू?" चिठ्ठी बघायला मागितली तर त्यात मिलिटरी हॉस्पिटलात स्पेशालिस्टकडं रिव्ह्यूसाठी, म्हणजे फेरतपासणीला, हजर व्हायचं लिहिलेलं, आणि तारीख निघून गेलेली. त्याला ते वाचताच आलं नाही असं नाही, बारावी शिकलेला पोरगा आहे, पण अनफिट हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही डोक्यात शिरतच नाही, आणि तिथं गर्दीत कोणी थांबून समजावून सांगितलं नाही. त्याच खेपेला शेजारच्या तालुक्यातला दुसरा पोरगा, पायाची तीच गोष्ट, तो मात्र रिव्ह्यूला गेला, तिथल्या हाडाच्या डॉक्टरनी त्याला चवड्यावर उभं केलं, उड्या मारायला लावल्या, पाय हातात घेऊन फिरवून बघितला आणि फिट लिहून दिलं. तो आज ट्रेनिंगला आहे. दोघांचे पाय मी बघितलेत, मला तरी फरक दिसला नाही.

आता हे फ्लॅट फूट म्हणजे नेमकं काय ते लिहितो, कारण आमच्याकडं याच्याबद्दल फार अंधार आहे. तळव्याच्या आतल्या बाजूला जी कमान असते ती उभं राहिल्यावर दबून तळवा पूर्ण जमिनीला टेकतो, तो सपाट पाय. लहान लेकरांचे पाय तर सगळ्यांचेच सपाट असतात, कमान हळूहळू साधारण दहा वर्षांपर्यंत तयार होते. काहींची होत नाही. सेवाग्रामला शिकलेला माझा एक वर्गमित्र डॉक्टर आहे, त्यानं मला बसवून समजावलं की सपाट पाय दोन प्रकारचे. एक लवचिक, म्हणजे उभं राहिलं की कमान गायब पण चवड्यावर उभं राहिलं की कमान परत दिसते आणि टाच आतल्या बाजूला वळते. हा पाय बहुतेक वेळा दुखत नाही, त्याला औषध पण लागत नाही. दुसरा कडक, चवड्यावर उभं राहिलं तरी कमान येतच नाही, पाय आत-बाहेर नीट फिरत नाही. त्यात पुष्कळदा पायाची दोन हाडं जन्मापासूनच एकमेकांना जोडलेली असतात आणि शाळेच्या शेवटच्या वर्षांत, खेळ वाढला की दुखायला लागतं. हा दुसरा पाय खरा अडचणीचा.

आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. यूपीएससीची एनडीएची, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षेची, जाहिरात काढून बघा, मागं परिशिष्टात शारीरिक निकष सविस्तर दिलेले असतात. त्यात स्पष्ट आहे की चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यावर उड्या मारत नीट पळू शकत असेल, पाय लवचिक असेल आणि दुखत नसेल तर तो चालतो. कडक सपाट पाय, टाच बाहेर वळलेली, चवड्यावर तोल सांभाळता न येणं, सांधे दुखणं, हे असेल तर अनफिट. अंगठा बाहेर वाकलेला असेल तर किती अंशापर्यंत, गुडघे एकमेकांना लागत असतील तर दोन घोट्यांमधलं अंतर पोरांना 5 सेंटीमीटरच्या वर नको, असं सगळं मापासकट दिलंय. म्हणजे अधिकारी व्हायला निघालेल्या शहरातल्या पोराला पायाचा नियम आधीच वाचायला मिळतो. आणि जवान व्हायला निघालेल्या आमच्या पोराच्या रॅलीच्या जाहिरातीत काय असतं, तर शरीर धडधाकट पाहिजे, छाती 5 सेंटीमीटर फुगली पाहिजे, हाडात व्यंग नको, कानातला मळ काढून या, दात साफ करून या. व्यंग म्हणजे कुठलं, किती, ते नाही. केंद्रीय पोलीस दलांच्या जीडी कॉन्स्टेबलच्या जाहिरातीत तर नॉक नी (गुडघे एकमेकांना लागणं) आणि फ्लॅट फूट नको एवढं एका ओळीत असतं आणि ती ओळ वाचून आमचे कित्येक चांगले पोट्टे फॉर्मच भरत नाहीत. हे मला फार लागतं. ज्याचा पाय लवचिक आहे, जो रोज सात-आठ किलोमीटर पळतो आणि ज्याला कधी दुखलं नाही, त्यानं स्वतःच स्वतःला बाद करून घ्यायचं, कशासाठी?

गावात याच्यावर काय काय बोलतात ते पण लिहायला पाहिजे. त्या परत आलेल्या पोराची आई माझ्याजवळ रडली, म्हणे लहानपणी पायात घालायला बूट नव्हते, उन्हात अनवाणीच फिरला, म्हणून पाय असा झाला, आमच्या गरिबीनं पोराची नोकरी गेली. त्या माऊलीला मी सांगितलं आणि इथं सगळ्याच आयांसाठी लिहितो. 1992 साली राव आणि जोसेफ या आपल्याच देशातल्या दोन डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 लेकरांच्या पावलांचे ठसे घेऊन अभ्यास छापला, त्यात बूट-चप्पल घालणाऱ्या लेकरांत सपाट पाय 8.6 टक्के निघाले आणि अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. म्हणजे अनवाणी फिरल्यानं पाय सपाट होतो हे खरं नाही, उलट लहानपणी मोकळ्या पायांनी फिरणं कमानीला चांगलंच. काट्याकुट्याची, विंचवाची भीती वेगळी, शेतात लेकरांना चप्पल घालाच. पण कोण्या आईनं याचा दोष स्वतःला लावून घेऊ नये.

सपाट पायाचा माणूस फौजेत टिकत नाही हे पण सरसकट खरं नाही. कॅनडाच्या सैन्यातल्या 3619 जवानांचे पाय तपासून 1947 साली हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी अहवाल दिला, त्यांचं म्हणणं साधारण असंच होतं की नुसता सपाट पाय म्हणजे अपंगत्व नाही, त्रास होतो तो टाचेमागची शीर आखूड असलेल्या किंवा कडक पायाला. 1993 साली अमेरिकेच्या इन्फन्ट्रीतल्या 246 रिक्रूटांवर अभ्यास झाला, त्यात तर सगळ्यात सपाट पायवाल्यांना ट्रेनिंगमधे दुखापती कमी झाल्या आणि उंच कमानवाल्यांना जास्त. मी हे आपल्या डॉक्टरांना शिकवायला लिहीत नाही, त्यांना हे माहीत आहे, आणि आपले निकष पण याच्याशी जुळतातच. पाठीवर पिट्टू, पायात जड बूट, डोंगरात चालायचं, तिथं पाय दुखणारा जवान स्वतः पण अडचणीत आणि सोबतचे पण, म्हणून डॉक्टर कडक असतात आणि असलेच पाहिजेत. माझं म्हणणं फक्त एवढं की निकष जो आहे तो पोरापर्यंत आधी पोचला पाहिजे.

म्हणून प्रत्येक पोरानं भरतीची तयारी सुरू करायच्या आधी घरीच एवढं करावं. पाय ओला करून सिमेंटच्या कोरड्या ओट्यावर उभं राहायचं आणि बाजूला होऊन ठसा बघायचा. आतल्या बाजूला खाच दिसली तर कमान आहे, पूर्ण तळवा उमटला तर सपाट. पण तिथं घाबरून थांबायचं नाही, ठसा म्हणजे निकाल नव्हे. मग मित्राला मागं उभं करायचं आणि स्वतः चवड्यावर उभं राहायचं. कमान आली का, दोन्ही टाचा आत वळल्या का, हे मित्रानं बघायचं, मोबाईलवर फोटो काढला तर अजून चांगलं. मग चवड्यावर उड्या मारत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दुखलं का, तोल गेला का. एवढं सगळं नीट झालं तरी एकदा हाडाच्या डॉक्टरला दाखवून घ्यायचं, आणि नाही झालं तर नक्की म्हणजे नक्की दाखवायचं, पळणं वाढवायच्या आधी.

आमच्याकडं पायाच्या अजून भानगडी आहेत ज्या शहरात कोणाला सुचणार नाहीत. पऱ्हाटी काढल्यावर शेतात जी खुंटं राहतात ती तळव्यात घुसतात, बाभळीचा काटा मोडून आत राहतो आणि तिथं कुरूप होतं. पावसाळाभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्या चिघळतात. पोरं कुरूप ब्लेडनं कापतात, वर कॉर्न कॅप लावतात आणि तसंच पळतात. आता त्याच एनडीएच्या परिशिष्टात कुरुपाचं पण आहे, एकच असेल आणि इलाज करून तीन महिन्यांत परत आलं नाही तर चालतं, जास्त असतील तर नाही. तीन महिने, साहेब! ग्राउंडची तारीख हातात पडल्यावर मेडिकलला तीन महिने उरत नाहीत. हे पोराला आधी कळलं तर तो दिवाळीच्या सुमारासच डॉक्टरकडून कुरूप काढून घेईल, पंचवीस रुपयाच्या पट्टीवर विसंबणार नाही. चिखल्यांना तर सरकारी दवाखान्यात मलम मिळतं, रोज पाय धुऊन बोटांची बेचकी कोरडी करून लावलं तर बऱ्या होतात. इतकी साधी गोष्ट.

आता ॲकॅडम्यांचं. तालुक्याच्या ठिकाणी भरतीपूर्व ट्रेनिंगच्या ॲकॅडम्या निघाल्यात, काही खरंच मन लावून शिकवतात, माजी सैनिक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण काही ठिकाणी पोराचा पाय, गुडघा, डोळा, काहीही न बघता फी घेतात, राहायचे-खायचे वेगळे, आणि वर्षभरानं मेडिकलला पडला की म्हणतात आमचं काम ग्राउंडपर्यंत. एका ठिकाणी तर पोराला सांगितलं की बुटात घालायची गादी घे, सहा महिन्यात कमान तयार होते. बापानं दोन हजार दिले. गादीनं दुखणं कमी होऊ शकतं, पण हाडाची ठेवण बदलत नाही हे मला माझ्या डॉक्टर मित्रानं स्पष्ट सांगितलं. तळव्याखाली बाटली फिरवणं, बोटांनी टॉवेल उचलणं, पोटरी ताणणं, हे व्यायाम करावेत, स्नायू मजबूत होतात, लवचिक पायाला फायदाच आहे, पण कडक पाय त्यानं मऊ होत नाही. आणि मेडिकलमधून पास करून देतो म्हणणारा जो कोणी भेटेल त्याला एक रुपया पण देऊ नका, बापाहो. फिट-अनफिट डॉक्टर ठरवतात, आणि त्याच्यावर हरकत असेल तर रिव्ह्यू हाच रस्ता आहे. अनफिटची चिठ्ठी हातात आली की तिथल्या तिथं विचारायचं, टेम्पररी आहे का पर्मनंट, रिव्ह्यू कुठं, किती दिवसात हजर व्हायचं. मुदत थोड्या दिवसांचीच असते. घरी येऊन रडायला, मामाला विचारायला, सोयाबीन काढून मग बघू म्हणायला वेळ नसतो. पोरासोबत जाणाऱ्या बापानं, भावानं हे ध्यानात ठेवावं, पोरगा त्या वेळी भानावर नसतो.

ज्याचा पाय खरंच कडक आहे, दुखतो, त्याला मी काय सांगतो ते पण लिहितो, कारण ते सांगणं सगळ्यात जड जातं. त्याला मी खरं सांगतो. बाबू, तुझा पाय फौजेच्या बुटात टिकणार नाही, तू तिथं जाऊन स्वतःचं नुकसान करून घेशील, आतापासून दुसरं बघू. आयटीआय आहे, नर्सिंग आहे, शिक्षण पुढं न्यायचं आहे. पोरगा रागावतो, दोन-चार दिवस मैदानावर येत नाही. पण दहावी-अकरावीत हे कळलं तर त्याच्याजवळ वय असतं, वेळ असतो. साडेसतरा पूर्ण झाल्यावर पुढं जेमतेम काही वर्षंच भरतीची, ती सगळी धावण्यात घालवून, वयाची अट ओलांडायच्या टोकाला आल्यावर कळलं तर पोरगा सगळीकडूनच जातो. असे पोट्टे गावात पानठेल्यावर बसलेले मी रोज बघतो. हुशार होते हो.

पोरी पण आता सकाळी पळायला येतात, मिलिटरी पोलिसात अग्निवीर म्हणून जागा निघतात तेव्हापासून. त्यांच्या पायाकडं तर घरचे कोणी बघतच नाही, दुखतं म्हटलं की पळणं बंद करायला सांगतात. त्यांनाही हीच तपासणी पाहिजे.

मग करायचं काय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची गाडी सरकारी शाळेत वर्षातून एकदा येते, 2013 पासून चालू आहे, 18 वर्षांपर्यंतच्या लेकरांची तपासणी त्यांच्याकडंच आहे. डोळे, दात, रक्त कमी आहे का ते बघतात. त्याच टेबलासमोर आठवी ते दहावीच्या लेकरांना चवड्यावर उभं करायला एकेकाला अर्धा मिनिट लागतो. ज्याचा पाय संशयाचा वाटेल त्याचं नाव लिहून जिल्ह्याला पाठवायचं, जशी डोळ्याची पाठवतात. मोठ्या पोरांसाठी ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ठेवावा, भरतीला जाणाऱ्यांनी यावं, हाडाच्या डॉक्टरनी बघावं, एका कागदावर मराठीत लिहून द्यावं. तो कागद भरतीत चालणार नाही हे मला माहीत आहे, तो पोराला स्वतःसाठी पाहिजे. आणि सैन्यभरतीच्या जाहिरातीला मेडिकलचे पूर्ण निकष मराठीत जोडावेत. भरतीचा लेखी पेपर आता मराठीतून पण देता येतो, ते झालं तर हे व्हायला काय हरकत आहे? चिठ्ठीवर रिव्ह्यूची जागा आणि शेवटची तारीख मोठ्या अक्षरात, मराठीत-हिंदीत असली तरी कितीतरी पोरं वाचतील. आमदार-खासदार मैदानावर पाणी आणि केळी वाटायला येतात, त्यांनी हे एक काम धरून लावावं, जिल्ह्यातले माजी सैनिक सोबत येतील याची मला खात्री आहे.

आपल्याकडं विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याच्या आधी मी आणि माझा डॉक्टर मित्र मिळून पायाच्या निकषांचं एक पान सोप्या मराठीत लिहून काढतोय, चवड्यावर उभं राहायच्या तपासणीचे फोटो पण काढलेत. तुम्ही तुमच्या ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरकडून ते एकदा तपासून घ्या आणि पुरवणीत नाही, मुख्य अंकात छापा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवता येईल. पान तयार झालं की पोस्टानं पाठवतो, पोचल्याचं तेवढं कळवा.

आपला,
एक खेळाचा शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ